तक्त्याची मागची बाजू

राजधानी, ९ फेब्रुवारी

ती. बाबांस
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. आईची माझ्या नावानं बोटं मोडून झाली असतील, तर आता तिला थांबायला सांगा. मी नीट पोचले. जागा मिळाली, गादी मिळाली, उशी तेवढी मिळाली नाही, ती मी स्वेटरची घडी घालून केली आहे. खोलीत आम्ही तिघी आणि तिघींत मिळून एक खिडकी. खिडकीतून समोरच्या सरकारी कचेरीची पाठ दिसते. राजधानी म्हणून दादा जे काही डोळ्यांपुढे आणत असेल, त्यातलं सध्या एवढंच माझ्या वाट्याला आलं आहे.

तुम्ही येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवता ठेवता, आमची मुलगी सहा महिने राज्यघटना शिकायला गेली आहे असं सांगणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून नेमकं काय करते ते लिहिते. सकाळी वर्ग. शिकवणारे सर म्हातारे आहेत आणि दर दुसरं वाक्य 'पण'नं सुरू करतात, म्हणून मुलं पाठीमागे त्यांना 'पण सर' म्हणतात. दुपारी सभागृहाची प्रेक्षक गॅलरी. दाराशी पिशवी, छत्री, पेनसुद्धा ठेवायचं आणि बिल्ला घ्यायचा. कठड्यावरून वाकायचं नाही, टाळी वाजवायची नाही. डुलकी लागली तर शिपाई खांद्याला बोट लावून उठवतो. खाली सभासद खुशाल झोपतात, त्यांना कुणी हात लावत नाही.

एक काम आहे. आम्हाला अगदी मागच्या ओळीत बसवतात आणि माझा नंबर वाढला आहे. खाली कोण उभं राहून बोलतंय तेच कळत नाही, सगळ्यांची तोंडं एकसारखी. इथल्या डॉक्टरांनी तपासून दिलेला नंबर पत्राच्या शेवटी लिहिला आहे. चष्मा तुमच्याच हातचा हवा, इथला नको.

आणि एक कल्पना. आपल्या घरात ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो, नाहीतर जो जास्त वेळ रुसून बसतो तो. आवाजात दादा पहिला, रुसण्यात भिंगरी. हे काही बरं नाही. रविवारी जेवणं उरकली की घरसभा भरवा. तुम्ही सभापती. माणशी एक मत, बोलायची पाळी ठरलेली, मध्ये तोंड घालायचं नाही. सभापतीला मत नसतं, मतं सारखी पडली तरच त्यानं निर्णायक मत द्यायचं. एकदा निकाल लागला की तो विषय सहा महिने पुन्हा काढायचा नाही, नाहीतर भिंगरी दर रविवारी तेच उगाळेल. बघा करून. आमच्या सभागृहापेक्षा आपल्याकडे झोपणारे तरी कमी आहेत.

आईला नमस्कार, वहिनीला आठवण, भिंगरीला एक धपाटा. लोभ आहेच, तो येत्या रविवारी एकमतानं मंजूर करून घ्यावा.

तुमची
ताई

---

घर, २४ फेब्रुवारी

ती. ताईस
सा. न.

तुझा धपाटा पोचला. दादानं अगदी प्रामाणिकपणे दिला.

घरसभा भरली. तू चेष्टेनं लिहिलंस की खरं, कोण जाणे, पण बाबांनी ते भलतंच मनावर घेतलं. दादानं तुझे नियम एका जुन्या तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून काढले. तोच गं तक्ता, डोळे तपासताना गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला लावतो तो. वरचा नियम ठळक आणि खाली खाली अक्षर बारीक होत गेलेलं. दादाला जागेचा अंदाज कधी आलाय? तो तक्ता आता जेवायच्या टेबलासमोर भिंतीवर आहे. बाबा सभापती झाल्यापासून रविवारी जेवायलासुद्धा इस्त्रीचा सदरा घालतात.

पहिला विषय माझा होता. दादा सायकल बोळात उभी करतो आणि जाता येता सगळ्यांच्या नडगीला तिचं पायडल लागतं, वर्षानुवर्षं. आधी बोलून, ओरडून, रडून झालं होतं. या वेळी मी उभी राहिले, पाळीनं बोलले, मतं घेतली. वहिनी, आई आणि मी एकीकडे, दादा एकटा. सायकल बाहेर. दादानं तोंड वाकडं केलं, पण मुकाट्यानं नेली. ताई, मला तर रात्री झोप येईना. एवढं सोपं होतं हे, मग इतकी वर्षं आपण नडग्या का फोडून घेतल्या?

आता खरी बातमी. पशुवैद्यकीच्या कॉलेजात माझं नाव लागलं. यादीच्या पहिल्याच पानावर. प्रवेश जुलैत, पण मे संपायच्या आत पालकांची संमतीची सही पोचायला हवी. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि तू जायचंस, मी शब्द देतो, असं म्हणाले. दुकानातच म्हणाले, काचा घासायच्या चाकापाशी. शेजारच्या लंगड्या कुत्र्याला मी हे सगळ्यांच्या आधी सांगितलं, कारण पहिला पेशंट तो.

एक जरा काळजीचं. बाबांचा उजवा हात थरथरतो. ते म्हणतात थंडीनं. थंडी तर गेली. सध्या दुपारी चाकावर मी बसते आणि काचा घासते, ते शेवटचा हात फिरवतात. तुझी काच त्यांनी माझ्याकडे दिली नाही. ताईची मीच करणार म्हणाले.

लोभ मागायचा असतो म्हणून मागते, एरवी तुझ्याकडून पुस्तकंच बरी.

तुझी
भिंगरी

---

राजधानी, १५ मार्च

चि. भिंगरीस
अनेक आशीर्वाद, आणि डॉक्टरीणबाई झालीस की एक नमस्कार

तुझं पत्र मी खोलीतल्या दोघींना वाचून दाखवलं. सायकलीच्या निकालावर तिघींनी मिळून टाळ्या वाजवल्या, कारण खोलीत टाळ्यांना बंदी नाही. नाव लागलं म्हणजे आता मागे बघू नकोस. बाबांनी शब्द दिला म्हणजे तो दगडावरची रेघ, हे तुलाही माहीत आहे.

काल गॅलरीत जे बघितलं ते तुला लिहिल्याशिवाय राहवत नाही. डोंगरातल्या दगडखाणी बंद करायच्या की नाही यावर मतदान होतं. एका सभासदाच्या स्वतःच्या खाणी. मतदानाची घंटा वाजली तसा तो उठला, मान लववली आणि बाहेर निघून गेला. कारण ज्या विषयात आपलाच फायदा अडकलाय त्यावर मत द्यायचं नाही असा दंडक आहे. कुणी हटकलं नव्हतं, आपणहून गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नंबर वाढल्यामुळे नव्हे. आणि पुढची गंमत ऐक. तो गेल्यामुळे मतं सारखी पडली. सगळं सभागृह सभापतींकडे बघायला लागलं. ते मनातून खाणी बंद करायच्या बाजूचे, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण त्यांनी मत दिलं ते आहे ते चालू ठेवण्याच्या बाजूनं. नंतर पण सरांनी समजावलं. सभापतीनं आपल्या मनाचा कल दाखवायचा नसतो. बहुमत नसेल तर बदल करायचा नाही, जैसे थे ठेवायचं, ही चांगल्या सभापतीची रीत. स्वतःच्या मनाविरुद्ध असा हात वर करायला केवढी ताकद लागत असेल, मी विचार करत राहिले.

हे बाबांना मुद्दाम वाचून दाखव. सभापतीला आवडेल.

लोभाची पावती पाठव.

तुझी
ताई

---

घर, १९ एप्रिल

चि. ताईस
अ. आ.

तू माझ्याहून धाकटी, पण भिंगरीच्या नादानं अख्खं घर तुला ताई म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. पत्र लिहायचा मला कंटाळा, हे तुला माहीत आहे, तेव्हा लिहितोय म्हणजे कारण आहे.

बाबांचा हात गेला. डॉक्टर त्याला काहीतरी लांबलचक नाव सांगतात, मतलब एवढाच की तो आता थांबणार नाही, वाढत जाईल. तुझ्या चष्म्याची काच दोनदा कडेला फुटली. तिसरी त्यांनी तीन दिवस हातात घेतली नाही. चौकात मोठं दुकान झालंय, तिथे तयार चष्मे झटपट मिळतात. आपल्याकडे लोक येतात ते फक्त घासलेल्या काचेसाठी. मला विकता येतं, घासता येत नाही. तुझी वहिनी गल्ला आणि गिऱ्हाईक बघते. बाहेरचा एक कारागीर ठेवून पाहिला, त्यानं एका बाईंच्या डाव्या डोळ्याची काच उजव्याला बसवली आणि वर त्यांनाच डोकं दुखायला काय झालं म्हणून विचारलं. बाबांसारखा हात घरात एकीचाच आहे, आणि ती कुत्र्या-मांजरांची नाडी बघायला निघाली आहे.

मी तिचा वैरी नाही, हे लिहून ठेव. मलाही एके काळी बोटीवर जायचं होतं. तेव्हा कुणी सभा भरवली नव्हती. बाबांनी दुकानाची किल्ली हातात दिली आणि झालं. मी आहे तिथे आहे आणि तुम्ही दोघी शिकता आहात, याबद्दल मी कधी तोंड उघडलं नाही. आता उघडतो. दुकान उभं राहायचं असेल तर भिंगरीनं चाकावर बसावं, असं माझं मत आहे. पण मी ओरडणार नाही. विषय घरसभेत रीतसर मांडणार आहे. सगळं तुझ्या तक्त्याप्रमाणे.

एकच विचारायचं होतं. तू इथे नाहीस. तुझं मत पत्रानं धरायचं का? भिंगरी म्हणते धरायचं. नियम काय तो तू लिही, मी मानीन.

घरची माया आहे तशीच, फक्त तिला सध्या बोलायला वेळ नाही.

तुझा
दादा

---

राजधानी, २७ एप्रिल

ती. दादास
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. बाबांच्या हाताचं वाईट. बरं यासाठी, की तू ओरडून घर डोक्यावर घेतलं असतंस आणि ते न करता विचारतो आहेस. बोटीचं मला माहीत नव्हतं, दादा. खरंच नव्हतं.

नियम विचारलास, तर नियम असा की जो हजर नाही त्याला मत नाही. चर्चा ऐकल्याशिवाय मत द्यायचं नसतं. माझ्या स्वतःच्या विरुद्ध जातं म्हणून मी तो वाकवणार नाही, नाहीतर इथे काय शिकते मी? खुशाल सभा घ्या. मला काळजी नाही. आई आहे, भिंगरीचं स्वतःचं मत आहे, आणि बाबांनी शब्द दिलेला आहे. तू तुझं म्हणणं मांड, ते ऐकलं गेलंच पाहिजे.

आशीर्वाद आणि थोडा लोभ, एवढं पाठव.

तुझी
ताई

---

घर, १३ मे

ताईस

नमस्कार करायची इच्छा नाही, मागाहून कधीतरी करीन.

काल घरसभा झाली. तुला हजर राहता आलं नाही, पण काही बिघडलं नाही. तूच होतीस सगळीकडे.

आधी दादा बोलला. बरं बोलला, मला मान्य आहे. हाताचं, दुकानाचं, चौकातल्या दुकानाचं. मग मी बोलले. कॉलेजचं, शब्द दिला त्याचं. कुणी मध्ये तोंड घातलं नाही, एवढ्या शांततेत आपल्या घरात आजवर कुणी बोललं नसेल. मग मतदानाची वेळ आली आणि दादानं खिशातून तुझं मार्चचं पत्र काढलं, ते खाणवाल्याचं, जे मीच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. दादा म्हणाला, दुकान सगळ्यांचं, पण कॉलेज एकट्या भिंगरीच्या फायद्याचं, तेव्हा तिनं मत द्यायचं नाही, बाहेर जायचं. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी पत्र हातात घेतलं. ते थरथरत होतं, म्हणजे हात. वाचून त्यांनी मान हलवली.

मी बोळात जाऊन उभी राहिले. सायकल नव्हती, त्यामुळे उभं राहायला ऐसपैस जागा होती.

दाराआडून सगळं ऐकू येतं, तुला माहीत आहेच. दादाचं मत, मी राहावं. वहिनीचं मत, मी जावं. हो, वहिनीचं. नवऱ्याच्या समोर हात वर करून ती म्हणाली की मला नववीतून काढलं तेव्हा माझ्या बाजूनं कुणी हात वर केला नव्हता, म्हणून मी करते. मला ती आजवर नुसती गल्ल्यावर बसणारी वाटायची, मी किती मूर्ख. आई म्हणाली, तुम्ही सगळे ठरवाल ते. दादानं विचारलं, म्हणजे तटस्थ का? आई म्हणाली, तू म्हणशील ते. तिला तटस्थ धरलं.

एक आणि एक. मग सगळे सभापतींकडे बघायला लागले असणार, अगदी तुझ्या गॅलरीतल्यासारखे. आणि मग बाबा म्हणाले, जैसे थे.

ताई, मला एवढंच कळत नाही. फेब्रुवारीत चाकापाशी शब्द दिला होता, ते जैसे थे नव्हतं का? मी दुपारी त्यांच्या जागी बसते, हेच तेवढं जैसे थे? मी हे विचारायला आत गेले तर भांडी आवरायला सुरुवात झाली होती.

मी रडले नाही. रडायची पाळी कुणाची ते तक्त्यावर लिहिलेलं नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं शाळेत वाक्यात उपयोग करायला दिलं होतं, तेव्हा मला वाक्य सुचलं नव्हतं. आता सुचलं आहे.

लोभाचा विषय अजून सभेपुढे आलेला नाही.

भिंगरी

---

घर, १५ मे

चि. ताईस
अनेक शुभाशीर्वाद

अक्षर वाकडं आहे, समजून घे. तुझ्या वहिनीला सांगणार होतो लिहायला, पण ती दादाशी बोलत नाही आणि माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघते.

तुला निकाल कळला असेल. मी तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं होतं. माझ्या मनात काय होतं ते तुला माहीत आहे, पोरीला शब्द दिला होता. पण मला वाटलं, एकीकडे मुलगा आणि एकीकडे मुलगी, मी मनाप्रमाणे हात वर केला तर तो बापाचा हात झाला, सभापतीचा नाही. स्वतःच्या मनाविरुद्ध हात वर करायला ताकद लागते, असं तू लिहिलं होतंस. हात तर हा असा. तरी केला. सभा संपल्यावर वाटलं, ताई असती तर म्हणाली असती, बाबा, बरोबर केलंत.

बरोबर केलं ना? एवढं कळव. इथे कुणाला विचारता येत नाही.

तुझ्या चष्म्याचं राहून गेलं आहे. होईल.

आशीर्वाद जन्मापासून दिलेलेच आहेत, त्यात कमी करत नाही.

बाबा

---

राजधानी, २७ मे

ती. बाबांस
शि. सा. न. वि. वि.

भिंगरीचं आणि तुमचं, दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. आठवडाभर मी उत्तरं लिहून फाडते आहे. कारण कुठे चुकलं ते मला सापडत नव्हतं. एकेक नियम घेऊन बसले, सगळे बरोबर. दादानं लबाडी केली नाही, तुम्ही केली नाही. सगळं रीतसर होऊन वाईट कसं झालं, तेच कळेना आणि माझी मलाच लाज वाटत होती.

परवा वर्ग होता. पण सरांनी एक गोष्ट घातली. खोलीत सहा जण आहेत, कडाक्याची थंडी आहे, कोट एकाच्याच अंगावर. मतदान झालं. कुणी ओरडलं नाही, मतं नीट मोजली, कोट काढून घ्यायचा ठरला. तर आता कोट कुणाचा? वर्ग हसला. सर म्हणाले, मतदान कसं घ्यायचं ते तुम्ही फेब्रुवारीत शिकलात. पण कशावर घ्यायचंच नाही, हे आधी लिहून ठेवल्याशिवाय त्याला राज्यघटना म्हणत नाहीत, त्याला डोकी मोजणं म्हणतात. काही गोष्टी माणसाच्या स्वतःच्या असतात, त्या सभेपुढे येतच नाहीत. सगळे एकीकडे झाले तरी येत नाहीत.

बाबा, सायकल सभेपुढे आणायची गोष्ट होती. भिंगरी नव्हती. ते मतदानच झालं नाही असं समजा. नियम मी अर्धवट पाठवले. पहिलं पान माझ्या हातात आलंच नव्हतं आणि मी दुसऱ्या पानापासून घर चालवायला निघाले. तक्ता उतरवा आणि संमतीची सही आजच्या आज करा. दुकानासाठी माणूस हवा असेल तर मी अभ्यास सोडून येते. मला चाक जमत नाही, पण शिकेन.

तुम्ही विचारलंत, बरोबर केलं का. सभापती म्हणून बरोबर केलंत. पण तुम्ही तिचे बाबा आहात, आणि मी तुम्हाला ते विसरायला लावलं.

हे पत्र जलद टपालानं टाकते आहे. रागावा, पण सही करा.

तुमची
ताई

---

घर, १३ जून

चि. ताईस
आईचे आशीर्वाद

तुझं पत्र दोन जूनला आलं. सहीची तारीख मे महिन्यातच संपली होती. वहिनीनं परस्पर कॉलेजला लिहून विचारलं, तर जागा पुढच्या मुलाला दिली म्हणून दोन ओळींचं उत्तर आलं. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय?

तुझं पत्र बाबांनी सगळ्यांना वाचून दाखवलं. कोटाची गोष्ट दोनदा वाचली. दादा म्हणाला की पुढच्या वर्षीसाठी विषय काढायचा तर सहा महिने थांबावं लागेल, ताईचाच नियम आहे, आणि उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी दर महिन्याला नियम बदलू नयेत. तो हे चिडून नाही म्हणाला. त्यालाही झोप लागत नाही, मी ऐकते. तक्ता अजून भिंतीवरच आहे. उतरवायला कुणाचा हात होत नाही.

तू रागावू नकोस, पण मला बोलू दे. मी तटस्थ म्हणे. मला तो शब्दही माहीत नव्हता. ताई, मी लग्न होऊन आल्यापासून तुझ्या बाबांकडून हवं ते करून घेतलं, पण कधी हात वर करून नाही. दोन दिवस चहा गार झाला, तिसऱ्या दिवशी ते आपणहून विचारायचे. तुला राजधानीला पाठवायचं कसं ठरलं, तुला काय वाटतं? भिंगरी रुसली असती, अंथरुणात तोंड खुपसून पडली असती, दादा ओरडला असता, मी भांडी आपटली असती. चार दिवस घर नासलं असतं आणि पाचव्या दिवशी बाबांनी सही केली असती. ती आमची रीत होती. वेडीवाकडी होती, पण तिला कळत होतं कोणाला कुठे दुखतंय. तू ती मोडलीस आणि आम्हाला शहाणं केलंस. सगळं इतक्या झटपट संपलं की चहाला ठेवलेलं पाणीसुद्धा उकळलं नव्हतं.

भिंगरी या वेळी रुसली नाही. जेवते, बोलते, वेळेवर चाकावर बसते. त्याचीच मला भीती वाटते. आता दुपारचीच नाही, सकाळपासून बसते. लंगडं कुत्रं दुकानाच्या पायरीवर येऊन बसतं, तिनं त्याला हाकललं नाही, पण हातही लावत नाही.

तू मात्र शिक्षण पुरं करून ये. एकीचं तरी होऊ दे.

आशीर्वादाला उत्तर लागत नाही.

तुझी
आई

---

घर, २० जून

ती. ताईस
सा. न. (मागचा राहिलेला धरून दोन)

तू अभ्यास सोडून येते म्हणालीस ते बाबांनी वाचून दाखवलं. येऊ नकोस. तू घासलेल्या काचेतून गिऱ्हाईक खांबाला धडकेल, आणि एका घरात एक अडकली तेवढी पुरे. तू मुद्दाम केलं नाहीस, हे मला कळतं. कळलं म्हणून राग जातोच असं नाही, तेही कळतं.

बाबा आता चाकाशी येत नाहीत. शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि मी काच उजेडात धरली की मान पुढे करतात. परवा म्हणाले, बोट जरा सैल ठेव, माझंही पहिल्या वर्षी असंच दुखायचं. पहिल्या वर्षी. म्हणजे त्यांनी वर्षं मोजायला घेतली आहेत.

सोबत डबी पाठवते, आत कापूस आहे, जपून उघड. तुझा चष्मा. बाबांच्या हातचा हवा होता ना, तो झाला नाही. दोन्ही काचा मी घासल्या, पहिल्यापासून शेवटच्या हातापर्यंत. माझ्या हातून पुरी झालेली ही पहिली जोडी. बाबांनी वेगवेगळ्या उजेडात बघितली आणि एकही दोष नाही म्हणाले. मग आत जाऊन बराच वेळ तोंड धूत होते.

घालून बघ. आता मागच्या ओळीतूनसुद्धा तुला खालचं सगळं स्वच्छ दिसेल, कोण हात वर करतं, कोण झोपतं, आणि कोण उठून बाहेर जातं. बाहेर गेलेला माणूस दारामागे कुठे उभा राहतो, ते मात्र कुठल्याच नंबरात दिसत नाही. ते मला विचार.

नंबर वाढला तर कळव. मी इथेच आहे.

लोभ जैसे थे.

तुझी, एका जागी बसलेली
भिंगरी